ऑलिव्हर इव्हान्स : वाफेचे इंजिन आणि पेटंटाचा झगडा

वाफेच्या इंजिनाचा जनक कोण, असा प्रश्न वर्गात विचारला की जेम्स वॅटच्या नावाने हात वर होतात. किटलीच्या झाकणाची गोष्टही मुलांना पाठ असते. उत्तर अगदीच चुकीचे नाही, पण अपुरे आहे. वॅटचे इंजिन हे एखाद्या इमारतीएवढे अवजड धूड होते. त्यात वाफेचा दाब हवेच्या दाबापेक्षा जेमतेम अधिक असे; खरे काम होई ते वाफ थंड करून तिचे पाणी केल्यावर निर्माण होणाऱ्या पोकळीमुळे. असे इंजिन खाणीच्या तोंडाशी किंवा कापडगिरणीत बसविता येत असे, गाडीवर चढविता येत नसे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास जी पहिली आगगाडी गेली, तिची इंजिने निराळ्या जातीची होती. त्यांत वाफ कोंडून तिचा दाब भरपूर वाढवीत आणि काम झाल्यावर ती धुराड्यातून सरळ बाहेर सोडीत. या उच्चदाबी इंजिनाचा इंग्लंडमधील प्रवर्तक रिचर्ड ट्रेव्हिथिक, आणि अमेरिकेतील ऑलिव्हर इव्हान्स. ट्रेव्हिथिकचे नाव पाठ्यपुस्तकात कोठेतरी सापडते, इव्हान्सचे क्वचितच. या माणसाने पिठाची गिरणी स्वयंचलित केली, वाफेची इंजिने तयार करण्याचा कारखाना काढला, त्या इंजिनांवर दगड व लाकूड कापण्याच्या गिरण्या चालविल्या, आणि आयुष्याची अखेरची बरीच वर्षे पेटंटाच्या खटल्यांत घालविली. त्याचे चरित्र हे जितके यंत्रांचे आहे तितकेच कायद्याचेही आहे.

पेटंट म्हणजे काय हे येथेच सांगून टाकलेले बरे. नवे यंत्र किंवा नवी कृती शोधणाऱ्यास सरकार ठराविक वर्षांपुरता हक्क देते, की त्याच्या परवानगीवाचून ती वस्तू दुसऱ्या कोणी बनवू अगर वापरू नये. त्या बदल्यात शोधकाने आपले गुपित आकृती व वर्णनासह उघड करावयाचे असते. मुदत संपली की तो शोध सर्वांचा होतो. थोडक्यात हा समाज आणि शोधक यांच्यातील करार आहे. आपल्या देशात याचा पहिला कायदा १८५६ साली झाला, स्वतंत्र भारताचा कायदा १९७० सालचा. इव्हान्सच्या तरुणपणी अमेरिकेत मात्र असा देशव्यापी कायदाच नव्हता.

ऑलिव्हरचा जन्म १३ सप्टेंबर १७५५ रोजी डेलावेअरमधील न्यूपोर्ट या गावी झाला. बारा भावंडांत तो पाचवा. शिक्षण बेताचेच, सोळाव्या वर्षाच्या सुमारास तो गाड्या व चाके बनविणाऱ्या एका कारागिराकडे उमेदवार म्हणून राहिला. मालक स्वतः अक्षरशत्रू आणि मेणबत्तीचा खर्च वाचविणारा. तेव्हा हा मुलगा दिवसभराच्या रंधाकामात पडलेला लाकडाचा भुसा व चिपाड्या रात्री पेटवून त्या उजेडात गणित आणि यंत्रशास्त्राची पुस्तके वाची, असे सांगतात. दुसरी हकीकत त्याने स्वतः लिहून ठेवली आहे. नाताळात शेजारच्या लोहाराच्या मुलांनी बंदुकीच्या नळीत थोडे पाणी घातले, वर बोळा ठासला आणि मागचा भाग भट्टीत खुपसला. बार उडाला, तो दारूने उडावा तसाच! ऑलिव्हरच्या मनात तेव्हापासून वाफेने घर केले. पुढे त्याच्या हाती जुन्या इंजिनाचे वर्णन असलेले एक पुस्तक आले, तेव्हा त्याला मोठे नवल वाटले. वाफेच्या अंगी एवढे बळ असताना हे लोक तिचा उपयोग केवळ पोकळी करण्यापुरता का करतात, हे त्याला समजेना. त्या एका प्रश्नातून पुढचे सारे निघाले. पण त्यासाठी पैसा हवा होता, आणि तो मिळविण्याकरिता त्याला आधी दुसऱ्या वाटेने जावे लागले.

त्याचा पहिला शोध लोकर पिंजण्याच्या फण्यांसाठी तारेचे दाते बनविणाऱ्या यंत्राचा. यंत्र उत्तम चालले, परंतु त्याचा फायदा इतरांनीच उपटला. त्यानंतर भावांबरोबर तो रेड क्ले नावाच्या ओढ्यावर गिरणीच्या उद्योगात पडला.

त्या काळची पाणचक्की डोळ्यांसमोर आणावी. जाती तेवढी पाण्याच्या जोराने फिरत. बाकी सारे काम माणसाच्या पाठीवर. धान्याची पोती जिन्याने वर न्यावयाची, वरून ती जात्यात पडावयाची, खाली आलेले गरम, ओलसर पीठ टोपल्यांतून पुन्हा वरच्या माळ्यावर चढवावयाचे. तेथे एक पोरगा दंताळ्याने ते जमिनीवर पसरून निववीत असे व मग चाळणीकडे लोटीत असे. त्यात लोकांचे पाय पडत, धूळ मिसळे, पीठ सांडे. इव्हान्सने या एकेका माणसाच्या जागी एकेक यंत्र बसविले. चामड्याच्या फिरत्या पट्ट्याला लहान लहान डबे लावून धान्य वर नेणारा उचल्या. लाकडी पन्हळीत फिरणाऱ्या मळसूत्राने माल आडवा सरकविणारा वाहक. आणि त्या दंताळेवाल्या पोराच्या जागी गोल फिरत पीठ पसरणारे, निवविणारे व मध्याकडे गोळा करणारे यांत्रिक दंताळे. याचे इंग्रजी नावही त्या पोरावरूनच पडले. ही सारी यंत्रे त्याच पाणचक्कीच्या जोरावर चालत. १७८५ च्या सुमारास गिरणी अशी सिद्ध झाली की गाडीतून उतरलेले धान्य माणसाचा हात न लागता पीठ होऊन पिंपाशी येई. पुढच्या काळात कारखान्यांतून मालाचे जे अखंड वाहते उत्पादन सुरू झाले, त्याचा एक आरंभ या गिरणीत आहे.

लोकांनी मात्र तिची चेष्टाच केली. धाकटा भाऊ जोसेफ चार राज्यांत फिरला. प्रत्येक जिल्ह्यात जो प्रथम ही यंत्रे बसवील त्याला ती फुकट वापरू देऊ, असे सांगितले, तरी कोणी पुढे येईना. एकदा ब्रँडीवाइन नदीकाठचे नामांकित गिरणीवाले पाहणीस येणार असे कळले, तेव्हा इव्हान्स मुद्दाम शेतात गवत कापीत राहिला आणि गिरणी एकटीच चालू ठेवली. पाहुण्यांनी आत जाऊन पाहिले, दळण, निववण, चाळण सारे आपोआप चालले होते. तरीही परत जाऊन त्यांनी ही नुसती खुळखुळ्यांची रचना आहे, असाच निर्वाळा दिला! पॅटॅप्स्को नदीवरील एलिकॉट बंधूंनी मात्र ती यंत्रे बसविली, त्यांचा खर्च वाचला, पीठ सुधारले; मग हळूहळू इतरांचे डोळे उघडले.

इव्हान्सने राज्याराज्यांच्या विधिमंडळांकडे हक्कांसाठी अर्ज केले होते. पेनसिल्व्हेनियाने १७८७ साली गिरणीच्या यंत्रांचा हक्क दिला. वाफेच्या गाडीची कल्पना त्यांना वेडेपणाची वाटली, तेवढा भाग त्यांनी गाळला. मेरीलँडने त्याच वर्षी दोन्ही दिले. गाडीबाबत तेथील विचार असा, की हे होण्याजोगे असो वा नसो, हक्क दिल्याने कोणाचे नुकसान तर होत नाही. १७९० मध्ये अमेरिकेचा राष्ट्रीय पेटंट कायदा झाला. त्याखाली तीन बड्या अधिकाऱ्यांचे मंडळ अर्ज तपासी. त्यांतील एक परराष्ट्रमंत्री थॉमस जेफरसन. १८ डिसेंबर १७९० रोजी इव्हान्सला गिरणीचे पेटंट मिळाले. त्या देशाचे ते केवळ तिसरे पेटंट. त्यावर अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनची सही होती, आणि पुढल्याच वर्षी वॉशिंग्टनने आपल्या माउंट व्हर्नन येथील गिरणीसाठी रीतसर परवाना घेऊन ही यंत्रे बसविली. मुदत चौदा वर्षांची. १७९५ साली इव्हान्सने गिरणीकामावर एक मार्गदर्शक ग्रंथ लिहिला. १८६० पर्यंत त्याच्या पंधरा आवृत्त्या निघाल्या.

आता फिलाडेल्फियात स्थायिक झालेला इव्हान्स आपल्या मूळ ध्यासाकडे वळला. वाफेच्या गाडीला भांडवल देणारा कोणी भेटेना, तेव्हा त्याने आधी एका जागी बसणारे इंजिन बांधले. त्याचे वय अठ्ठेचाळीसच्या घरात, घरात मुलेबाळे, आणि होते नव्हते ते सुमारे ३,७०० डॉलर त्यात ओतले. सिलिंडर अवघा सहा इंच व्यासाचा, दट्ट्याचा फेरा अठरा इंचांचा. एवढ्याशा यंत्राने त्याने खतासाठी लागणारा जिप्समचा दगड दळून दाखविला. मग त्याला जड चौकटींतील बारा करवती जोडल्या. त्या बारा तासांत शंभर फूट संगमरवर कापीत. रस्त्यावरून जाणारे लोक थबकून हे पाहात. १४ फेब्रुवारी १८०४ रोजी त्याला या इंजिनाचे पेटंट मिळाले. वाफ थंड करण्याचा अवजड सरंजाम काढून टाकल्यामुळे इंजिन लहान, स्वस्त आणि सोपे झाले होते. त्याला साजेसा बॉयलरही त्याने योजला : लांब नळकांड्याच्या आकाराचा, कारण अंगात दाब सोसण्यास गोल आकार बळकट. उच्चदाबाला वॅटचा विरोध होता आणि तो निष्कारण नव्हता. बॉयलर फुटून माणसे मरत. इव्हान्सने तो धोका डावलला नाही. तो आकाराने आणि चांगल्या लोखंडाने आटोक्यात आणण्याचा प्रयत्न केला.

लाकूड कापण्याच्या गिरणीची हकीकत दूर दक्षिणेकडील न्यू ऑर्लिन्सची आहे. तेथे दोघा भागीदारांनी मिसिसिपी नदीत वाफेची बोट चालविण्यासाठी इव्हान्सकडून इंजिन मागविले. बोट पाण्यात उतरण्याआधीच पूर आला आणि ओसरताना तिला नदीपासून बरेच आत कोरड्यावर टाकून गेला. हातात इंजिन आहे, बोट निरुपयोगी, पैसा संपलेला. तेव्हा ते इंजिन काढून लाकडाच्या गिरणीला बसविण्यात आले. ते असे काही चालले की दोन माणसांनी करवत वरखाली ओढून फळ्या पाडण्याच्या जुन्या धंद्यावर गदा आली. गिरणीला आग लावण्याचे प्रयत्न झाले आणि अखेर ती जळाली. संशय हाताने लाकूड कापणाऱ्यांवर होता. रोजी जाते आहे असे दिसल्यावर माणसाने पेटून उठावे यात नवल नाही. पण इव्हान्सचे इंजिन बोट ओढू शकते हे दाखविण्याची संधी त्या आगीबरोबर गेली. काही वर्षांनी, १८०७ साली, वाफेच्या बोटीचे श्रेय हडसन नदीवर रॉबर्ट फुल्टनने मिळविले.

१८०४ साली त्याने एका रस्ते कंपनीपुढे योजना मांडली होती, की घोड्यांच्या अनेक गाड्या जेवढे पीठ वाहतात तेवढे माझी एक वाफेची गाडी वाहील. कंपनीने नकार दिला. मग संधी आली ती गाळ काढण्याच्या निमित्ताने. फिलाडेल्फियाच्या आरोग्य मंडळाने गोदीतील गाळ उपसण्याचे यंत्र मागितले. इव्हान्सने सुमारे तीस फूट लांब व बारा फूट रुंद तराफा बांधून त्यावर इंजिन व डब्यांची साखळी बसविली. कारखाना नदीपासून दूर, तेव्हा त्याने तराफ्याखाली चाके जोडली आणि १८०५ च्या उन्हाळ्यात ते धूड स्वतःच्याच वाफेवर शहराच्या रस्त्यातून फिरवून नदीत उतरविले, असे त्याने लिहून ठेवले आहे. त्याच्या वर्णनातील सारे तपशील आजचे इतिहासकार मान्य करीत नाहीत. गाळ काढण्याचे काम काही साधले नाही आणि पुढे ते यंत्र मोडीत निघाले.

याच वर्षी खरा घाव बसला. गिरणीच्या पेटंटाची चौदा वर्षे संपली. पहिली कित्येक वर्षे गिरणीवाल्यांना पटविण्यातच गेली होती; आता यंत्रे सर्वत्र बसू लागली, तोच हक्क संपला. इव्हान्सने काँग्रेसकडे मुदतवाढ मागितली, ती मिळाली नाही. तो इंजिनावर एक मोठा ग्रंथ लिहीत होता. पैशाअभावी तो अपुराच छापावा लागला, आणि रागाने त्याने त्याच्या नावातच गर्भपाताचा शब्द घातला. या अपुऱ्या ग्रंथात बंद चक्रात ईथरची वाफ करून बर्फ बनविण्याच्या यंत्राचे वर्णन आहे. आजच्या फ्रिजचे तत्त्व तेच. ते यंत्र त्याने बांधले नाही. जेकब पर्किन्सने तशा यंत्राचे पेटंट लंडनला १८३४ साली घेतले.

येथे वॅटशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. वॅटचे १७६९ चे पेटंट ब्रिटिश पार्लमेंटने १७७५ मध्ये थेट १८०० पर्यंत वाढवून दिले. पाठीशी बोल्टनसारखा धनाढ्य भागीदार होता. इव्हान्सच्या पाठीशी त्याची स्वतःची लेखणी तेवढी होती, आणि तीही फार तिखट.

अखेर जानेवारी १८०८ मध्ये काँग्रेसने खास इव्हान्सच्या साहाय्यार्थ एक कायदा केला आणि त्याला गिरणीच्या शोधांचे नवे चौदा वर्षांचे पेटंट मिळाले. कायद्यावर सही करणारे अध्यक्ष जेफरसनच. पण मधल्या तीन वर्षांत कितीतरी गिरणीवाल्यांनी शोध सर्वांचा झाला म्हणून यंत्रे बसविली होती. इव्हान्सने त्यांच्याकडेही परवान्याची रक्कम मागितली, तीही पूर्वीपेक्षा चढ्या दराने. देत नाही त्यांच्यावर खटले भरले. मला वाटते, कायदा त्याच्या बाजूने असला तरी येथे त्याचा हात जड पडला. ज्याने मोकळ्या काळात विश्वासाने खर्च केला, त्याला चोर म्हणणे कठीण आहे. उलट बाजूने, ज्यांनी पूर्वी त्याला हसून परत पाठविले होते त्यांच्यापैकीच पुष्कळजण मुदत संपण्याची वाट पाहात बसले होते, हेही खरे.

बॉल्टिमोरचे गिरणीवाले एकत्र आले. त्यांच्यातील आयझॅक मॅकफर्सन याने वयोवृद्ध जेफरसनचा सल्ला विचारला. जेफरसनने ऑगस्ट १८१३ मध्ये सविस्तर उत्तर पाठविले. त्याचा आशय असा, की डब्यांची साखळी वर नेणारे यंत्र नवे नव्हे. इजिप्तमध्ये व पूर्वेकडे विहिरीचे पाणी काढण्यास ते फार पूर्वीपासून वापरतात, आणि पन्हळीतील मळसूत्र तर आर्किमिडीजचे. ते रहाटगाडगे आपल्याला चांगले परिचयाचे आहे. कोकणातल्या वाडीत ते पिढ्यान्पिढ्या फिरत आले. पाण्याऐवजी त्यात धान्य घातले म्हणजे नवा शोध झाला काय, असा जेफरसनचा सवाल होता. सवाल बिनतोड वाटतो, पण त्यात एक गोष्ट निसटते. रहाट जुना, मळसूत्र जुने, दंताळेही जुने; परंतु ही सारी एकाला एक जोडून अखंड चालणारी गिरणी इव्हान्सच्या आधी कोणी उभी केली नव्हती. गंमत अशी की, १७९० साली मंडळावर बसून पेटंट मान्य करणारा, आपल्या गिरणीसाठी इव्हान्सला रक्कम मोजणारा, १८०८ च्या कायद्यावर सही करणारा आणि आता शंका घेणारा माणूस एकच. पत्राची बातमी लागताच इव्हान्सने जेफरसनला लिहिले. सौजन्याचे उत्तर आले, मत मात्र बदलले नाही. याच सुमारास त्याने टोपणनावाने एक पत्रकही काढून विरोधकांवर आसूड ओढले.

१८०९ मधील प्रसंग मात्र वाचवत नाही. खटल्यात न्यायाधीशाचा कल पेटंटधारकांविरुद्ध आहे असे वाटून इव्हान्स उद्विग्न होऊन घरी आला आणि सुमारे ऐंशी शोधांची टिपणे व आकृत्या त्याने कुटुंबीयांसमोर जाळून टाकल्या, अशी हकीकत आहे. मुलांनी बापाच्या वाटेला जाऊ नये, हा त्यातील हेतू.

तरी कारखाना वाढतच होता. १८०६-०७ च्या सुमारास फिलाडेल्फियात त्याने मार्स वर्क्स उभारला. ओतशाळा, लोहारकाम, साचे, गिरणीचे दगड, इंजिने सारे एका ठिकाणी. पश्चिमेकडे पिट्सबर्गला मुलगा जॉर्ज याने वाफेवर चालणारी पिठाची गिरणी चालविली, आणि १८११ मध्ये तेथेही इंजिनांचा कारखाना निघाला. जेथे पाणचक्कीला ओढा नाही अशा भागांतील गिरण्यांना, नदीतील बोटींना ही हलकी इंजिने फार सोयीची पडली. १८१५ च्या फेब्रुवारीत काँग्रेसने इंजिनाच्या पेटंटालाही सात वर्षे वाढवून दिली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने जॉर्डनविरुद्धच्या दाव्यात निकाल दिला, की मधल्या काळात यंत्र बसविले असले तरी नव्या पेटंटानंतर ते वापरायचे तर परवाना हवा. निकाल वाचणारे न्यायमूर्ती बुशरॉड वॉशिंग्टन हे माउंट व्हर्ननच्या वॉशिंग्टनचे पुतणे.

१८१६ साली पत्नी सारा वारली. १८१८ मध्ये त्याने न्यूयॉर्कच्या हेटी वॉर्डशी दुसरा विवाह केला. पुढच्या वर्षी तो न्यूयॉर्कमध्ये असताना ११ एप्रिलला बातमी आली की फिलाडेल्फियाचा मार्स वर्क्स आगीत भस्मसात झाला. त्या धक्क्यातून तो उठला नाही. १५ एप्रिल १८१९ रोजी, वयाच्या चौसष्टाव्या वर्षी, त्याचा अंत झाला. शहर वाढत गेले तशी त्याची कबर एका दफनभूमीतून दुसरीत हलविण्यात आली. शेवटी तो ट्रिनिटी दफनभूमीत, नावाच्या दगडाविना आहे.

ईटन नावाच्या गिरणीवाल्याविरुद्धचा त्याचा दावा मात्र तो गेल्यावरही चालूच होता. प्रश्न त्या यांत्रिक दंताळ्याचा. पेनसिल्व्हेनियात स्टाउफर नावाच्या माणसाचे तसे एक यंत्र आधीपासून होते, असे पुढे आले. आपले त्याहून कोठे व किती निराळे हे इव्हान्सने पेटंटाच्या वर्णनात सांगितलेले नव्हते. १८१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एकदा त्याच्या बाजूने कौल देऊन फेरसुनावणी करविली होती; १८२२ मध्ये तेच न्यायालय त्याच्याविरुद्ध गेले. जुन्यावर सुधारणा असेल तर सुधारणा नेमकी कोणती हे लिहिले पाहिजे, असा तो निकाल. नव्या पेटंटाची मुदत त्याच वर्षीच्या जानेवारीत संपली होती, आणि त्याची यंत्रे वापरण्यास आता कोणाच्याही परवान्याची गरज उरली नव्हती.